कोपराचं रीडिंग

माझ्या व्याह्यांविषयी मला वाईट लिहायचं आहे, आणि ते शक्य तितक्या सभ्यपणे लिहायचं आहे. व्याही हे नातंच असं की त्यात भांडायची सोय नसते. भावाशी बोलणं टाकता येतं, शेजाऱ्याच्या दाराकडे कचरा लोटता येतो. पण व्याह्यांसमोर आपण जन्मभर पाहुण्यासारखे, खुर्चीच्या कडेवर बसतो. आपली मुलगी त्यांच्या घरात राहते. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. काहीही म्हटलं तरी गिळायचं तेवढंच असतं.

हे व्याही बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभराच्या आत प्रेरणादायी झाले. त्यांच्या कार्डावर नावाखाली ‘लाइफ कोच’ असं छापलं आहे. बाजूला हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो, आणि मागे उगवता सूर्य. सूर्य त्यांच्यापेक्षा लहान आहे. कार्डाच्या मागच्या बाजूला ‘पेटून उठा’ असं लाल अक्षरात. मे महिन्यात नागपुरात राहणाऱ्या माणसाला पेटायचं आमंत्रण देणं मला तेव्हाही जरा जास्तच वाटलं होतं.

मी स्वतः कधी पेटलो नाही. एका पाण्याच्या पंपघरात एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. कुठल्या, ते सांगत नाही. काम असं: दर तासाला उठायचं, सात काट्यांसमोरून फिरायचं, काटा पाहायचा आणि आकडा मोठ्या रजिस्टरात लिहायचा. याला रीडिंग घेणं म्हणत. आठला, नऊला, दहाला. रीडिंगला आठ मिनिटं लागत. उरलेली बावन्न मिनिटं मी पुस्तकं वाचत असे. माझं सगळं शिक्षण बावन्न-बावन्न मिनिटांच्या तुकड्यांत झालं आहे. त्या रजिस्टरात दाबाचा रकाना होता, पातळीचा होता, मोटारीच्या तापमानाचा होता, शेवटी शेऱ्याचा होता. मनाचा रकाना नव्हता. ‘आज उत्साह वाटत नाही’ असा शेरा मी एकतीस वर्षांत कुणाचाही वाचला नाही. उत्साह कुणालाच वाटत नव्हता. तरी शहरात पाणी येत होतं.

मागच्या वर्षी मार्चच्या शेवटी खिडकीतल्या कूलरला नवीन वाळा बसवताना मी स्टुलावरून पडलो. उजवं कोपर मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मेमध्ये प्लास्टर काढलं तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा नव्हता. काटकोनात वाकलेला, वाळलेला, न उघडणारा आणि न मिटणारा. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला, हाड छान जुळलं म्हणाले, आणि माझी रवानगी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे केली. हाड छान जुळलं होतं. फक्त घास तोंडापर्यंत येत नव्हता.

हे शब्दशः घ्यावं. उजव्या हातात पोळीचा तुकडा धरला, वरणात बुडवला, उचलला, की हात छातीसमोर येऊन थांबे. हनुवटी आणि घास यांच्यात वीतभर हवा. मी मान खाली घाली, वरण बनियनवर सांडे. शेवटी बायकोनं डाव्या हातात चमचा दिला आणि पोळी कुस्करून दिली. एकसष्टाव्या वर्षी मी ताटलीत कुस्करलेलं खात होतो. लग्नाकार्याला जाणं मी बंद केलं. पंगतीत डाव्या हातानं जेवणाऱ्याकडे लोक बघत नाहीत, आणि ते न बघणं फार मोठ्यानं ऐकू येतं.

बाईंचा दवाखाना लकडगंजात, एका लाकडाच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर आरा चालू. त्या रोज खाप्याहून बसनं येत आणि त्यामुळे दिवसाची सुरुवातच त्या वैतागून करत. पारदर्शक प्लास्टिकचं कोनमापक माझ्या कोपराला लावून त्या म्हणाल्या, “नव्वद.”

“किती पाहिजे?”

“तोंडापर्यंत जायले एकशे वीस तरी. तीन महिने आहेत आपल्याजवळ, काका. त्यात जेवढं वाकलं तेवढं वाकलं. मंग सांधा बसते तो बसते. मंग मी काही करू शकत नाही अन् तुम्ही तर नाहीच नाही.”

मग त्यांनी माझा हात धरला आणि दाबला. खालच्या आऱ्याचा आवाज आणि माझा आवाज एकाच पट्टीत लागला.

“दिवसातून चारदा,” त्या म्हणाल्या. “एका खेपेले वीसदा. दुसऱ्या हातानं दाबायचं, दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं.”

“फार दुखतं हो. मनाची तयारी व्हायला थोडा वेळ—”

“तुमच्या मनाले कोन विचारून राहिलं? वाकवायचं कोपर आहे. रडायचं असंन तर रडा, पण मोजत रडा. नाहीतर वीसचे अठरा होते.”

ही बाई मला अजिबात आवडली नाही.

तिसऱ्याच दिवशी व्याही मुलीला घेऊन आमच्याकडे आले. हातात मोसंबी आणि गुंडाळलेला तक्ता. तक्त्यावर एकवीस चौकोन आणि प्रत्येक चौकोनात त्यांचाच छोटा फोटो, अंगठा वर केलेला. एकवीस दिवस रोज एक संकल्प पाळायचा, चौकोनात खूण करायची, सकाळी सातच्या आत तक्त्याचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपवर दोनेकशे माणसं होती आणि ती सगळी एकमेकांना टाळ्या पाठवत.

“तुमच्या हातात काही दोष नाही,” व्याही माझ्या हाताकडे न बघता म्हणाले. “दोष आहे इथे.” आणि त्यांनी स्वतःच्या डोक्याला बोट लावलं. त्या एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत होतो.

“एक्स-रेत तर कोपरच दिसलं,” मी म्हणालो.

“तुमची गंमत करायची सवय जाणार नाही! आतली आग पेटली ना, की शरीर मागे धावत येतं. तुमच्यात ती आग आहे. मला दिसते.”

“कूलर बंद आहे, म्हणून असंन,” बायको चहा ठेवत म्हणाली.

व्याही मोठ्यानं हसले. ते दुसऱ्यांच्या विनोदाला अशा तऱ्हेनं हसतात की विनोद त्यांनीच मंजूर केल्यासारखा वाटतो. मग त्यांनी तक्ता आमच्या फ्रिजवर चिकटवला. एकवीस दिवस संपल्यावर दहा दिवसांनी मोठा कार्यक्रम आहे, त्यात निवडक लोकांचा सत्कार होणार, आणि त्यात मी असायलाच हवा, कारण ‘घरचं उदाहरण लोकांना फार भिडतं’. मुलगी त्यांच्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीच्या कडेवर बसून हो म्हणालो.

पहिले तीन दिवस मी खरोखर पेटलो होतो, हे मला कबूल केलं पाहिजे. पहाटे पाचला उठून वीसच्या जागी चाळीसदा हात दाबला. फोटो टाकला. दोनशे टाळ्या आल्या. ज्या माणसांना मी कधी पाहिलं नाही त्यांनी मला ‘वाघ’ म्हटलं. मला ते आवडलं, ही सांगायला सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे. एकतीस वर्षं बिनचूक रीडिंग घेतलं तेव्हा एकाही माणसानं टाळी वाजवली नव्हती, आणि मला ती हवी आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी कोपर सुजलं. दाबायला गेलो तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्या दिवशी मी काही केलं नाही. पण सात वाजत आले होते, म्हणून खूण केली. पाचव्या दिवशी थोडंसं केलं. सहाव्या दिवशी मन लागेना. सातव्या दिवशी मन लागेल म्हणून वाट पाहिली. वाट पाहण्याचं काम मी मन लावून केलं. लकडगंजला जाणंही बंद केलं. पारा पंचेचाळीसवर होता आणि कारण म्हणून तो कुणालाही पटत होता.

नवव्या दिवशी मी जे केलं ते व्याह्यांच्या ग्रुपवरचा दुसरा कुणी करू शकला नसता. त्याला पंपघरातली नोकरी लागते.

आमच्या धंद्यात एक जुनं पाप आहे: रीडिंग आगाऊ भरणं. काटा महिनोन्‌महिने एकाच जागी असतो, मग उठून पाहायचं कशाला? आळशी माणूस बसल्या जागी पुढच्या चार तासांचे आकडे लिहून मोकळा होतो. नवखा भरतो तेव्हा ओळखू येतं, कारण तो सगळीकडे सारखाच आकडा, सारख्याच शाईत, सारख्याच तिरकसपणानं लिहितो. नव्या पोरांची अशी पानं मी दुरून ओळखत असे आणि त्यांना फाडून खात असे. खोटं पान कसं दिसतं हे ज्याला इतकं नीट कळतं, त्याला ते कसं दिसू नये हेही कळतं.

मी टेबलाशी बसलो, चहा घेतला, आणि नऊपासून एकवीसपर्यंतचे चौकोन एका बैठकीत भरले. तीन वेगवेगळी पेनं वापरली. दोन खुणा घाईत केल्यासारख्या, एक जरा चौकोनाबाहेर गेलेली. नुसती खूण पुरेशी होती, पण माझ्यातला कारागीर जागा झाला होता. मी प्रत्येक चौकोनात कोपराचा कोनही लिहिला. त्र्याण्णव, पंच्याण्णव, पुन्हा पंच्याण्णव. रविवारी एकानं घट. मग एकदम तीनची उडी. एकविसाव्या दिवशी एकशे अठरा. एकशे वीस लिहिलं असतं तर ते फार गोल दिसलं असतं. तेराव्या चौकोनावर मी चहाचा एक थेंबही सांडला. मग तक्त्यावरचे न आलेले दिवस वर्तमानपत्राच्या पट्टीनं झाकून मी रोज सकाळी फोटो टाकू लागलो. पट्टी रोज एका घरानं सरकत होती. तेवढा नियम मात्र मी चुकवला नाही.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो तक्ता इतका चांगला जमला होता की हळूहळू मलाच तो पटला. आकडा लिहिलेला आहे म्हणजे कोपर तिथवर आलंच असणार. जेवायला मात्र मी चमचाच घेत होतो. सवय झाली म्हणून, असं स्वतःला सांगत होतो.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. दारात ढोल-ताशे. आत एसी इतका की बायकांनी पदर अंगभर ओढून घेतले होते. मंचावर व्याह्यांचा कापडी फलक, त्यावर पुन्हा तो लहान सूर्य. त्यांनी दीड तास भाषण केलं. मध्ये मध्ये ते थांबत आणि म्हणत, “आवाज येऊ द्या!” आणि आवाज येई. शिस्तीवर ते बोलले तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा पाऊण तास पुढे गेले होते.

मग सत्कार. व्याह्यांच्या कार्यक्रमात एक प्रथा आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. एरवी पाहुण्याला पेढा दुसरा कुणी भरवतो. इथे नाही. व्याह्यांचं तत्त्व असं की यश कुणी भरवत नसतं. म्हणून विजेत्यानं मंचावर उभं राहून, उजव्या हातानं, स्वतःचं तोंड स्वतः गोड करायचं. आणि सभागृहानं तोपर्यंत टाळ्या वाजवत राहायचं.

माझ्या आधी दोघं होते. एकानं साखर सोडली होती. त्यानं पेढा खाल्ला. कुणाला हसू आलं नाही.

मग माझं नाव. पडद्यावर माझ्या तक्त्याचा फोटो, घराएवढा मोठा. चहाचा डाग सुद्धा. “नव्वद ते एकशे अठरा!” व्याही ओरडले. “डॉक्टरांनी हात टेकले होते! यांनी टेकले नाहीत!” माझ्या खांद्यावर शाल आली आणि उजव्या हातात पेढा.

मी हात उचलला. तो छातीसमोर येऊन थांबला. नेहमीच्या जागी. टाळ्या चालू होत्या आणि तोंडात काही जाईपर्यंत त्या थांबणार नव्हत्या. मी डाव्या हातानं उजव्या मनगटाला शालीखालून धक्का दिला. कोपरातून कळ डोक्यापर्यंत गेली, हात तिथेच. पहिल्या रांगेत माझी मुलगी बसली होती. तिच्या टाळ्या थांबल्या होत्या.

शेवटी मी कमरेतून वाकलो, मान खाली घातली आणि गायीनं गव्हाणीत घालावं तसं तोंड त्या पेढ्याशी नेलं.

टाळ्या अडखळल्या. आणि मग व्याह्यांचा आवाज, माइकवरून, भरून आलेला: “बघा! बघा मित्रांनो! यश मिळालं तरी मान खाली! याला म्हणतात विनम्रता!”

सभागृह उभं राहिलं.

बाहेर चपला शोधताना मुलगी माझ्याजवळ आली. बायको दोन पावलं मागे.

“बाबा, हात येतच नाही ना तोंडाशी?”

“आज जरा आखडला होता. एसीमुळे.”

“पहिल्या रांगेतून सगळं दिसते, बाबा.” ती हळू बोलत होती, कारण तिचे सासरे आत फोटो काढून घेत होते. “तो तक्ता तुम्ही आगाऊ भरला. तेराव्या दिवसावर चहा सांडला होता. तुम्ही चहा घेऊन कधी कागदाजवळ बसता काय? मले लहानपणी पंपघरात मारलं होतं तुम्ही, रजिस्टरजवळ कप ठेवला म्हणून.”

मी एक चप्पल घालून दुसरी शोधत राहिलो.

“मी विचारलं होतं तुमाले तेव्हा, काटा हलतच नाही तर उठून पाहता काहून. तुम्ही म्हणाले होते, ज्या दिवशी पाहणं सोडीन त्या दिवशी हलंन. तुमचा हलला नाही. तसाच बसून राहिला अन् तुम्ही पाहिलंच नाही.” मग तिचा आवाज फुटला. “जन्मभर कुस्करून खाल काय आता?”

तिला सासऱ्यांनी आतून हाक मारली. ती डोळे पुसून गेली.

दुसऱ्या दिवशी मी लकडगंजला गेलो. बाईंना चुकून तक्ता दाखवला, सवयीनं. त्यांनी तो बाजूला सरकवला. “मले पेपर नका दाखवू. हात दाखवा.” कोनमापक लावलं. खाली आरा चालू होता.

“त्र्याण्णव.”

पाच आठवडे गेले होते. तीन अंश, आणि तेही पहिल्या तीन दिवसांतले असणार.

“सात आठवडे राहिले,” त्या म्हणाल्या. “येत असान तर या. नाहीतर माही बस सुटते तशीच जाईन मी, मले काय फरक पडते?” पण त्यांना फरक पडत होता, कारण त्या दिवशी त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त दुखवलं.

घरी आल्यावर मी तक्ता पुन्हा फ्रिजवर लावला नाही. ग्रुप सोडला. सोडताना शंभर जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. कपाटातून एक लांब रजिस्टर काढलं, रेघा मारल्या. तारीख, वेळ, खेपा, कोन, शेरा. आठ, बारा, चार, आठ. पंपघरासारख्या बांधलेल्या वेळा. मग पेन उघडलं, तर बायकोनं ते हातातून काढून घेतलं.

“हे माह्याजवळ राहीन.”

“काहून?”

“तुम्ही वाकवा. मी पाहीन. मंग मी लिहीन. तुमचा काही भरोसा नाही जी. तुम्ही लय सुंदर लिहिता.”

चाळीस वर्षांच्या संसारात इतकं अचूक वाक्य ती पहिल्यांदाच बोलली असं नाही, पण इतका राग मला पहिल्यांदाच आला. आणि तिचं बरोबर होतं. बाईंकडून मागून आणलेलं जुनं कोनमापक ती लावी, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचे, मग लिही. मी आकडा आधी सांगितला तर ती मुद्दाम दुसऱ्यांदा मोजे.

त्या सात आठवड्यांविषयी सांगण्यासारखं काही नाही. लोकांना इथेच काहीतरी ऐकायचं असतं, आणि इथेच काही नसतं. आठ वाजले की वाकवायचं. बारा वाजले की वाकवायचं. पहिल्या आठवड्यात चौऱ्याण्णव, आणि तो आठवडाभर चौऱ्याण्णवच. बायको रोज चारदा चौऱ्याण्णव लिहीत होती, तोंडावरची रेघ न हलवता. मला रोज नको वाटत होतं. सकाळी नको वाटे, दुपारी जास्त नको वाटे. एकही दिवस असा आला नाही की आज करावंसं वाटतं आहे. कूलरची घरघर, पुढे पावसाळ्यात कूलर बंद झाल्यावर गल्लीतल्या बेडकांची, घड्याळ, वीस. एके दिवशी बारा वाजता दारात टपालवाला उभा होता. मी त्याला उभा ठेवला. एकदा चारच्या खेपेला शेजारचे आजारी माणूस बघायला आले, म्हणजे मला. त्यांच्यासमोर मी ओरडत वीस पूर्ण केले. ते पुन्हा आले नाहीत, हाही एक फायदा.

बायको कधी कधी भांडलेली असायची. तरी वेळ झाली की कोनमापक घेऊन समोर बसे आणि माझ्याशी न बोलता आकडा लिही. आमचा अबोला सर्वांत लांबला तो शंभर ते एकशे चार या अंशांत.

ऑगस्टमध्ये व्याह्यांकडे जेवण होतं. त्यांची साठी नव्हती, कुणाचा वाढदिवस नव्हता. त्यांना अधूनमधून माणसं जमवावी लागतात. वडा-भात, पाटोडी-रस्सा, दहा-बारा पाहुणे. ताटं वाढली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला दोन मिनिटं होती. बायकोनं पिशवीतून कोनमापक काढलं. मी उठलो आणि गॅलरीत गेलो.

“अहो, कुठे निघालात? ताट वाढलंय,” व्याही मागे आले. “पाहुणे खोळंबलेत.”

“बारा वाजले.”

“पाच मिनिटांनी काय बिघडतं?”

मी मोजायला सुरुवात केली होती, आणि बोललो असतो तर मोजणं चुकलं असतं. व्याही दारात उभे राहून बघत होते. त्यांना वाट पाहायची सवय नाही. माझा चेहरा वाकडा होत होता, घाम गळत होता, आणि टाळ्या वाजवायला तिथे कुणीच नव्हतं. तेरा, चौदा. ते एकदा आत गेले, पुन्हा आले. वीस झाले. बायकोनं मोजलं, लिहिलं, रजिस्टर पिशवीत टाकलं.

आत येऊन मी बसलो. उजव्या हातानं वडा-भात कालवला. घास केला, लहानच केला. उचलला. छातीपाशी त्या जुन्या जागी हात क्षणभर रेंगाळला, तिथून पुढे गेला आणि शेवटची दोन बोटं अंतर मी मान किंचित पुढे करून भरून काढलं. घास तोंडात होता. मुलगी रश्श्याचं भांडं घेऊन उभी होती. तिनं रस्सा माझ्या ताटाऐवजी शेजारच्या पाहुण्यांच्या ताटात पुन्हा एकदा वाढला. त्यांनी नको नको म्हटलं तरी.

“पाहिलंत?” व्याही पाहुण्यांना म्हणाले. “एकवीस दिवसांची कमाल! आता पुढच्या कार्यक्रमात तुम्ही बोलायचं. नाही म्हणायचं नाही.”

आणि मग मी, मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांच्यासमोर खुर्चीत मागे टेकून बसलो.

“तो तक्ता खोटा होता,” मी म्हणालो. “नवव्या दिवशी बसून पुढचा सगळा भरला. मंचावर आलो तेव्हा कोपर त्र्याण्णववर होतं. वाकलं ते नंतर, आणि तुमच्या तक्त्यानं नाही.”

पाहुण्यांचे हात थांबले. विहीणबाई पोळ्या आणायला आत गेल्या. बायको शांतपणे भात कालवत होती. मला वाटलं, आता हे नातं मोडलं. आणि मुलीकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

व्याही जराही गडबडले नाहीत. त्यांनी पाटोडीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. आवाज मंचावरचा नव्हता, बँकेतला असावा. “सगळ्यांचेच तसे असतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून. माझाही असतो.” तुकडा त्यांनी तोंडात टाकला, चावला. “पण टाळ्या तर खऱ्या होत्या ना?”

भात पुन्हा कालवला. मी दुसरा घास केला. पुढचा पाऊण तास ते पाहुण्यांशी सोन्याच्या भावाविषयी बोलले, आणि मी सगळं ताट उजव्या हातानं संपवलं. फार वेळ लागला. सगळे उठून हात धुऊन आले तरी मी जेवतच होतो. मुलगी समोर बसून राहिली. तिनं ताक वाढलं, तेही मी त्याच हातानं घेतलं, थोडं सांडलं.

घरी पोचायला साडेतीन झाले. बायको आडवी झाली. चारला पाच कमी असताना मी तिला हलवलं.

“आता काहून? झालं ना, जेवले ना तुम्ही हातानं.”

“चार वाजले.”

ती पुटपुटत उठली, चष्मा शोधला. मी वीस केले. दुखायचं तेवढं दुखलं. तिनं कोनमापक लावलं, खिडकीकडे वळून उजेडात वाचलं. एकशे एकवीस. दुपारीही तेवढंच होतं, काल संध्याकाळीही. तिनं पुन्हा एकदा मोजलं आणि तेवढंच लिहिलं.